शेवटचा थांबा

“नानांना ट्राममध्ये एकटं बसवू नकोस गं. ती माणसाच्या मनातला थांबा ओळखून नेते, आणि नानांचं मन कुठल्या काळात फिरत असतं, देव जाणे,” असं शेजारच्या हेमाताईंनी बजावलं होतं. शाल्मलीने ते हसण्यावारी नेलं. एकटे कुठे, सासऱ्यांच्या मांडीवर तीन वर्षांची इरा होती, आणि बालवाडी तर चारच थांब्यांवर.

बालवाडीतून फोन आला, की इरा पोचलीच नाही. शाल्मलीने ट्रामच्या कार्यालयाला फोन लावला.

“काळजी नको, मॅडम. गाडी आजोबांच्या मनासारखी जुन्या बंदराकडे चाललीय.”

“अहो, तो मार्ग कधीच बंद झाला! खाडीवरचा पूल पाडलाय!”

“हिला रूळ लागत नाहीत. जुने सगळे मार्ग शिकवलेत तिला.”

“मग थांबवा ना!”

“प्रवाशाच्या मनात आल्याशिवाय ती थांबत नाही, मॅडम.”

नाना त्याच मार्गावर तीस वर्षं कंडक्टर होते. कंडक्टर मधे उतरत नाही.

चप्पल न घालताच रस्त्याकडे धावताना शाल्मलीने दिसेल त्या गटावर संदेश टाकला: ‘खाडीरस्त्यावर कुणी असाल तर ट्रामच्या खिडकीत बघा. पिवळ्या फ्रॉकातली मुलगी आणि म्हातारे गृहस्थ दिसले, तर ओरडून सांगा, नाना, शेवटचा थांबा आला, उतरा.’