गाता येता कामा नये

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकांना रोज चालायला सांगितलं. वेग किती हवा, तेही सांगितलं. "चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये."

काकांनी चाळीस वर्षं लेथ मशीनच्या खडखडाटात काढलेली. घरीही ते कामापुरतंच बोलत. म्हणून वेग तपासायला काकू सोबत निघाल्या. "अहो, बोला की काहीतरी."

पहिले चार दिवस काकांनी पाढे म्हटले. एकोणतिसाच्या पाढ्याला गाडी अडली, तेव्हा नाइलाजाने ते कारखान्यातल्या गमती सांगू लागले. मग एकदा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपण किती घाबरलो होतो, तेही बोलून गेले.

तीन महिन्यांनी लेकीने त्यांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधलं. "आता वेग हेच सांगेल, बाबा. आईला रोजची पायपीट नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाराशी बुटाची नाडी बांधत होते. मनगट मोकळंच होतं.

"घड्याळ नाही घातलं?" काकूंनी विचारलं.

"ठोके अगदी बरोबर सांगतं गं ते," काका म्हणाले, "पण 'हं, मग पुढे?' असं नाही विचारत."