भक्कम पवित्रा

बंदूकधारी रखवालदाराची नोकरी हवी तर उभं राहून नेम धरता यायला हवा, आणि बंदूक हाती आली की वाणगावच्या कमलेशचे पायच लटपटायचे. "पाय रोव! किती हलतोस?" नेमबाजी शिकवणारे उस्ताद रोज खेकसायचे.

परीक्षेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं पाय फाकवले, श्वास रोखला, नेम धरला. तरी अंग हलायला लागलंच. 'शाब्बास रे वाघा,' त्यानं स्वतःलाच टोमणा मारला, 'आज तर डोक्यावरचे पत्रेही खडखडवलेस!' पण या वेळी त्यानं जागा काही सोडली नाही.

तेवढ्यात मैदानात पळालेल्या उस्तादांची हाक आली, "अरे कमलेश, बाहेर ये! भूकंप हाय!"

कमलेशचा चेहरा खुलला. "म्हंजे आज हलतोय तो मी नाय?"