गोगटेसरांनी पुसलेले मेसेज

"अगं ए बये, तुझा बॉट पुसलेले मेसेजपण ग्रुपवर टाकतोय!" ऑफिसात शेजारच्या टेबलावरची रेणुका किंचाळली.

चारुशीलानं घाईनं ग्रुप उघडला. तिचं नोकरीत कायम व्हायचं आजच ठरणार होतं, आणि ग्रुपवरच्या मेसेजांचा गोषवारा द्यायला तिनं बनवलेल्या बॉटला मेसेज आला काय नि पुसला काय, सगळं सारखंच वाटत होतं.

ऑफिसचे कडक प्रमुख गोगटेसर ग्रुपवर नेहमी काहीतरी पाठवत, क्षणात पुसत आणि नुसतं "ठीक" लिहीत. आता ते पुसलेलं सगळ्यांना दिसलं. "शाब्बास, पोरांनो!" "रेणुका, बाळाचा ताप उतरला का?" आणि आत्ताच पुसलेलं, "चारुशीलाला कायम करा, पोरगी गुणी आहे."

लालबुंद कानांनी सर तिच्या टेबलापाशी आले.

"बंद कर हे."

"हो सर, लगेच करते."

"एवढं लगेच नको गं," सर पुटपुटले. "सोमवारी बघ."