अर्धं तोंड

"आजी, तुझं अर्धं तोंड कुठं गेलं?"

जांबोटीच्या त्या अंधाऱ्या माजघरात स्वरालीनं विचारलं. मालुबाई अंथरुणाला खिळली होती. अन्नावरची वासनाच उडालेली. म्हातारी आज जाते की उद्या, एवढंच बघायला अर्धा गाव चहा पिऊन गेला होता. शेजारची शालूबाई तेवढी उरलेली. तिनं चटकन तोंडावर पदर ओढला.

"नातीत उतरलं गं बाई," ती पुटपुटली आणि उंबऱ्याकडं सरकली.

माधवीनं लेकीचा दंड धरला. तिच्या सासूनं, याच मालुबाईनं, भर तारुण्यात नवऱ्याला असंच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो फणसाच्या झाडावरून पडून मेला. तेव्हापासून गावात कुणाची म्हैस आटली तरी बोट हिच्याकडंच, चेटकीण म्हणून. हिनंही मग कुणाच्या तोंडाकडं बघणं सोडलं ते सोडलंच. माधवी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सुनेचे पाय तेवढे पाहिले होते.

बेळगावच्या डॉक्टरांनी स्वरालीच्या डोकेदुखीला अर्धशिशी म्हटलं आणि "घरात आणखी कुणाला आहे?" असं विचारलं, तेव्हा माधवीनं बेधडक सांगितलं होतं, कुणालाच नाही. आता म्हातारीनं डोळे मिटले तर गावाचं तोंड कुठला डॉक्टर धरणार होता? पोरीच्या कपाळी ते नाव जन्मभराचं बसणार होतं.

स्वराली मान इकडंतिकडं वळवून आजीचा हरवलेला चेहरा शोधतच होती.

म्हातारीनं मान वर केली. माधवीनं सासूचे डोळे आज पहिल्यांदा नीट पाहिले. घारे होते, थेट स्वरालीसारखे.

"कुठलं अर्धं, बाळा?"

"उजवं. तिथं नुसतं चमचमतंय. करवतीच्या दातांसारखं."

"आणि त्येच्या मागनं डोस्कं फुटाय लागतंय. व्हय?"

स्वराली रडायला लागली. "तुला कसं कळलं?"

मालुबाईनं तिला कुशीत ओढलं, तिच्या डोळ्यांवर आपला पदर घातला आणि दारातल्या शालूबाईकडं रोखून पाहिलं. शालूबाई चपला तिथंच टाकून पळाली.

"माधवी," म्हातारी म्हणाली, "पेज ठेव गं चुलीवर. आता मला मरून चालायचं न्हाय."