कार्डावरचं 'निगेटिव्ह'

सिफिलिसच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे हेमलताला आजार होता. तिच्या मांडीवर वीस दिवसांचं बाळ कण्हत होतं. त्याच्या इवल्या तळहातांची सालं निघत होती; आईला गरोदरपणातच इंजेक्शनं मिळाली असती, तर ही लागण त्याच्यापर्यंत पोचली नसती.

सातव्या महिन्यात ती हिरवा चुडा भरून आमच्या उपकेंद्रात आली होती. "सिस्टर, आज माझी ओटी भरणार आहेत, सुई नको ना," म्हणाली. मीही हसले, रक्त घ्यायची सुई ठेवून दिली आणि तिच्या गरोदरपणाच्या कार्डावरचा सिफिलिसचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून 'निगेटिव्ह' लिहून टाकलं. दुसऱ्याच दिवशी ती बाळंतपणाला माहेरी गेली.

"तिथले डॉक्टर तपासणारच होते," ती आता म्हणाली. "मीच कार्ड पुढं केलं. म्हटलं, आमच्या सिस्टरनी केलीय तपासणी."