पुलावर थांबलेली गाडी

नव्या मेट्रोला चालकाची केबिनच नव्हती. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या शर्वरीला आता कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसवलं होतं. "बढतीच आहे ही," साहेब म्हणाले. तिला मात्र हात रिकामे झाल्यासारखं वाटत होतं.

दुपारी सिग्नल बिघडला आणि एक गाडी नदीवरच्या पुलावर थांबली. डब्यातल्या मदतीच्या बटणावरून एका म्हातारीचा घाबरा आवाज आला, "अहो, या गाडीत कुणी ड्रायव्हर आहे की नाही?"

"गाडीत नाही, आजी. पण मी इथून बघतेय. हिरव्या लुगड्यात दाराशी उभ्या आहात, त्या तुम्हीच ना?"

आजींनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. "दिसते होय मी तुला? मग बोलत राहा बाई, गाडी हलेपर्यंत."

शर्वरी बोलत राहिली. आजी पणतीच्या बारशाला निघाल्या होत्या, पिशवीत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होते. गाडी सुटली तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.

आजवर माणसं तिच्या पाठीमागे, बंद दाराआड बसून आली नि उतरून गेली होती. निरोप कुणी घेतला नव्हता. शर्वरीनेही पडद्यापुढे हात हलवला.