सोपानची बाटली

मधुसूदन नेर्लेकरांना त्या लगद्याच्या वासानेच मळमळायचं. टोमॅटो, ब्रोकोली आणि सोयाबीनचा तो गरगटा प्रोस्टेटचा कॅन्सर टळावा म्हणून साठीपुढच्या पुरुषांनी रोज खायचा होता. खाल्ला की नाही, हे घरातलं कमोड लघवीवरून ओळखायचं आणि नागपूरला त्यांच्या मुलीला, केतकीला, कळवायचं.

म्हणून नेर्लेकरांनी सोसायटीच्या माळ्याला, सोपानला, गाठलं. त्यांच्याच वयाचा सोपान बागेतल्या भाज्या आवडीने खायचा आणि त्याच्या खोलीवर असलं कमोड नव्हतं. रोज सकाळी तो आपल्या लघवीची कोमट बाटली आणून द्यायचा. नेर्लेकर नाक दाबून ती कमोडमध्ये ओतायचे आणि मग निवांत वडे खायचे.

चौथ्या महिन्यात केतकीचा रडत फोन आला. "बाबा, तुमच्या लघवीत कॅन्सरची खूण आलीय. एवढं नेमाने खात होतात, तरी!"

"अगं, ती माझी नाहीच," नेर्लेकर बोलून गेले आणि सुटल्यासारखे हसले. ते हसणं स्वतःच्याच कानांवर पडलं, तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली.

ते तडक बागेत गेले आणि सोपानला सगळं सांगितलं.

"पण सायेब, मी तर समदं खातो की," तो एवढंच म्हणाला.

नेर्लेकर त्याला दवाखान्यात घेऊन गेले. गाठ वेळेत सापडलीय, बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले.

"तुमच्यामुळं वाचलो, सायेब," म्हणत सोपान त्यांच्या पाया पडायला वाकला, आणि नेर्लेकर तोंडावर हात दाबून ओकायला बाहेर धावले.